चेन तोडण्याची आणि जोडण्याची कुळकथा

मोटारसायकलची चेन बदलायची म्हटले की गॅरेजमध्ये हातोडा, छिन्नी आणि पक्कड पुढे येते. पिन दाबून काढण्याचे आणि रिव्हेट फुलवण्याचे खास हत्यार बऱ्याच ठिकाणी नसते, आणि त्याचे कुणाला वावगेही वाटत नाही. ते मोठ्या गाड्यांच्या हौशी लोकांसाठी आहे, असा समज आहे. चेनचे कूळ तपासले तर हा समज टिकत नाही. या हत्याराची गरज चेनच्या रचनेतच आहे आणि ती १८८० मध्ये ठरून गेली.

चाकांवरून साखळी फिरवून गती पोचवण्याची कल्पना त्याहून फार जुनी. अकराव्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये सू सुंगच्या खगोलीय घड्याळाच्या मनोऱ्यात अशी साखळी होती, लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत पट्ट्या-पिनांच्या साखळ्या रेखाटलेल्या आहेत, आणि १८२९ मध्ये फ्रान्समध्ये आंद्रे गालने आपल्या साखळीचे पेटंट घेतले. गालच्या साखळीत पातळ पट्ट्या थेट पिनेवर फिरत. सगळा ओढा पट्टीच्या जाडीएवढ्या अरुंद जागेवर येई, त्यामुळे पिन आणि भोक दोन्ही लवकर झिजत. सावकाश वजन उचलायला ती पुरेशी होती, सतत वेगाने फिरायला नव्हे. मग स्वित्झर्लंडहून मँचेस्टरला आलेल्या हान्स रेनॉल्डने १८७९ मध्ये सॅलफर्डचा जेम्स स्लेटरचा छोटा साखळी-कारखाना विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी बुश-रोलर चेनचे पेटंट मिळवले. त्याची करामत एका पोकळ नळीत आहे. आतल्या दोन पट्ट्यांत बुश घट्ट दाबून बसवला, त्यातून पिन घातली, आणि पिनेची दोन्ही टोके बाहेरच्या पट्ट्यांत दाबली. आता पिन बुशच्या संपूर्ण लांबीवर टेकते, ओढा पसरतो. बुशवरचा सुटा रोलर स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चाकाच्या, दात्यावर घासत नाही, गडगडत पुढे जातो. आजच्या मोटारसायकलच्या चेनमध्येही हीच मांडणी आहे.

मोटारसायकलींनी मात्र सुरुवातीला पट्ट्यावर, म्हणजे बेल्टवर, भिस्त ठेवली. पट्टा झटके पचवतो, पण पावसात घसरतो. १९११ मध्ये आइल ऑफ मॅनची टीटी शर्यत प्रथमच डोंगरी मार्गावर झाली, तेव्हा सीनियर गटातल्या पहिल्या तिन्ही जागा अमेरिकेच्या 'इंडियन' गाड्यांनी पटकावल्या. त्यांच्या दोन गिअरचाही त्यात वाटा होता, पण चढावर ताकद चाकापर्यंत न घसरता पोचवली ती चेनने.

या चेनची ताकद नट-बोल्टमध्ये नाही, पिन आणि बाहेरची पट्टी यांच्या दाबून बसवलेल्या सांध्यात आहे. म्हणून ती तोडताना पिनेचे फुगलेले टोक आधी ग्राइंडरने सपाट करायचे, डोळ्यांवर चष्मा लावूनच, आणि मग स्क्रूच्या दाबाने पिन सरळ रेषेत ढकलायची. नवा सांधा घालताना पट्टी शेजारच्या कडीइतकीच आत दाबायची. जास्त दाबली तर कडी आखडते आणि सील म्हणून बसवलेल्या ओ-रिंग चिरडतात. मग पिनेचे पोकळ टोक फुलवायचे आणि व्हर्नियरने मोजायचे. कंपनीने दिलेल्या व्यासात काही दशांश मिलिमीटरचीच सूट असते. कमी फुलले तर पट्टी सरकते, जास्त फुलले तर टोकाला चीर जाते. हातोड्याच्या घावाला असे माप लावता येत नाही.

यावर अनुभवी मिस्त्री म्हणतील की आम्ही वर्षानुवर्षे पकडीने चेन जोडतो, काही होत नाही. त्यांचे म्हणणे खोटे नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या अनेक गाड्यांच्या चेनला कंपनीच क्लिपचे लॉक देते. तिथे रिव्हेटचा प्रश्न येत नाही, लॉकचे बंद टोक चेन पळते त्या दिशेला ठेवले की झाले. पण मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना अनेकदा अखंड, रिव्हेट केलेली सीलबंद चेन येते, आणि ती स्विंगआर्मभोवतून फिरत असल्याने बाहेर काढायची तर तोडावीच लागते. तिथे छोट्या गाडीची सवय धोक्याची ठरते. सुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटशी गोळा होऊन इंजिनचे कव्हर फोडते, किंवा मागचे चाक जागच्या जागी अडकवते.

दुसरा आक्षेप किटचा. चेनबरोबर दोन्ही स्प्रॉकेट घ्यायला लावणे ही विक्रीची युक्ती आहे, असे अनेकांना वाटते. याचेही उत्तर रेनॉल्डच्या बुशमध्ये आहे. 'चेन वाढली' म्हणतात तेव्हा पट्ट्यांचे लोखंड ताणलेले नसते. पिना आणि बुश झिजलेले असतात. ११० कड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक सांधा ०.१ मिलिमीटर झिजला तरी पूर्ण चेन ११ मिलिमीटरने लांबते. दाते त्या लांबलेल्या अंतराशी झिजून आकड्यासारखे होतात. त्यांच्यावर नवी चेन चढवली की तिचे रोलर दात्यांच्या बुडात नीट बसत नाहीत, ओढा मोजक्याच दात्यांवर येतो आणि नवी चेनही वेळेआधी संपते. जेमतेम वापरलेले स्प्रॉकेट जरूर ठेवावे, पण दाते निरखून पाहिल्यावरच.

काम झाल्यावर इंजिन बंद आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मागचे चाक हाताने फिरवायचे आणि नव्या सांध्याजवळ चेन बोटांनी वाकवून पाहायची. शेजारच्या कड्यांइतका तो सांधा मोकळा वाकला पाहिजे. अडला तर पट्टी जास्त दाबली गेली आहे. अशा वेळी तोच जोड उकलून पुन्हा वापरायचा नसतो. पिन पुन्हा घासून काढायची, आणि नव्या ओ-रिंगसह नवा जोड घालायचा.