शाहजोग

हुंडीबद्दल शाळेत आपण एवढंच शिकतो की पूर्वीचे व्यापारी रोकड सोबत न नेता हुंडी न्यायचे. बस्स, धडा संपला! हुंड्यांचे प्रकार किती होते हे मला फार उशिरा कळलं, आणि त्यातल्या एकाच्या मी प्रेमातच पडले. शाहजोग हुंडी. 'शाह' म्हणजे बाजारात पत असलेला माणूस. या हुंडीचे पैसे फक्त अशा माणसालाच द्यायचे. तुमच्या हातात कागद असून भागायचं नाही, तुमच्या वतीने उभा राहणारा कुणीतरी शाह लागायचा. हुंडी खोटी निघाली तर जबाब त्या शाहाला द्यावा लागे.

दुसरी गंमत जिकरी चिठीची. हुंडी लिहिणारा सोबत एक चिठी द्यायचा, पैसे मिळायच्या गावातल्या आपल्या एखाद्या ओळखीच्या माणसाच्या नावाने: हुंडी नाकारली गेलीच, तर आमच्यासाठी तुम्ही ती सांभाळून घ्या. शिफारसपत्रच ते, पण वेळ आली तर खिशात हात घालायला लावणारं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझा मावसभाऊ. भोसरीत त्याचं लहानसं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक मिलिंग, चार कामगार. निम्म्याहून जास्त काम एकाच जुन्या गिऱ्हाइकाकडून येतं आणि ते काम आता आटत चाललंय. त्याची मुलगी म्हणते, बाबा, लिंक्डइनवर या. तो मला विचारतो, "ताई, रोज एक तास तिथे घालवू की मशीनवर?"

प्रश्न नवा नाही. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील तिघांना घेऊन बसला. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक शिंपी. आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भेटायचं ठरलं, म्हणून नाव रोटरी. आज रोटरी म्हटलं की पोलिओची मोहीम आठवते, पण सुरुवातीला एका धंद्यातला एकच सभासद घ्यायचा आणि सभासदांनी एकमेकांना काम द्यायचं असा रोखठोक मामला होता. कुणी कुणाला किती धंदा दिला याची नोंदही ठेवत म्हणे! पुढे नुसत्या देवाणघेवाणीचा त्यांनाच कंटाळा आला आणि १९०७ मध्ये शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून ते मागे लागले. असो. मुद्दा हा की शिंपी आणि कोळसेवाला दर भेटीत समोरासमोर बसत होते. वाईट कापड दिलं तर पुढच्या बैठकीला तोंड दाखवायचं होतं.

मग १९७३ मध्ये छापून आलेला एक अभ्यास. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं, ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटतो? नेहमी भेटणारा म्हणणारे सहांत एकच. बाकीच्यांना बातमी दिली ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी. कारण साधं आहे, जवळच्या माणसांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं.

लिंक्डइन ५ मे २००३ ला सुरू झालं ते याच दूरच्या ओळखींच्या भरवशावर. सुरुवातीला अनोळखी माणसाला निरोप धाडायचा तर मधल्या सामाईक ओळखीच्या माणसाकरवी, आणि पुढे पाठवायचा की नाही हे त्याच्या हातात. म्हणजे थोडा शाहजोगच कारभार! २०१२ मध्ये मात्र एका टिचकीत आपल्याशी जोडलेल्या कुणाच्याही कौशल्याला दुजोरा देण्याची सोय आली. ज्याने तुमचं काम कधी पाहिलं नाही तोही तुम्हाला वाखाणतो, कारण त्याचं काही जात नाही. जिकरी चिठी लिहिणाऱ्याचं जात असे.

म्हणून भावाला मी रोजच्या तासाचा सल्ला दिला नाही. कोणती मशीनं, किती मापापर्यंतचं काम, चार चांगले फोटो, एवढं एकदा नीट लिहून टाक म्हटलं. दुकानाच्या पाटीसारखं. परचेसवाले शोधताना पाटी वाचतात.

पण त्या जागेचा मला खरा उपयोग वाटतो तो निराळाच. वीस वर्षांत त्या जुन्या गिऱ्हाइकाकडचे कितीतरी लोक नोकरी बदलून गेले. परचेसचे, स्टोअरचे, क्वालिटीचे. त्यांनी भावाचा माल स्वतः मापून घेतलाय. आज ते कुठे आहेत हे त्याला माहीत नव्हतं. गेल्या रविवारी बापलेक बसून शोधत होते, सात जण सापडले. त्यातला एक आता चाकणला आहे. त्याने एकदा दोनशे बुश परत धाडले होते आणि भावाने रात्रभर जागून ते पुन्हा करून दिले होते.

पहिला निरोप त्यालाच पाठव, असं मी सुचवलंय.