वाक्य आणि तात्पर्य : १९१६ च्या टिळक-निकालाचे महत्त्व

भाषणस्वातंत्र्याचा प्रश्न न्यायासनापुढे येतो, तेव्हा वादाचा खरा मुद्दा पुष्कळदा एकच असतो : वक्त्याच्या शब्दांचा अर्थ कसा ठरवावयाचा? आपल्या परंपरेस हा प्रश्न अपरिचित नाही. ग्रंथाचे तात्पर्य निश्चित करण्यासाठी मीमांसकांनी उपक्रम व उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती अशी साधने सांगितली आहेत. आरंभ कोठून झाला, शेवट कोठे झाला आणि मध्ये वारंवार काय प्रतिपादिले, हे पाहिल्यावाचून एखादे वाक्य तोडून त्यावर मत देऊ नये, हा त्यांतील आशय होय. पूर्वरंग ऐकून उठून जाणाऱ्याने कीर्तनाचे तात्पर्य सांगू नये, हे देवळातील साधा श्रोताही जाणतो.

इंग्रजी अमदानीत राजद्रोहाचे कलम, म्हणजे १२४ अ, १८७० साली दंडसंहितेत दाखल झाले. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा या कलमाचा व्यापक अर्थ ज्यूरीस सांगितला, आणि लोकमान्य टिळकांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या वेळी टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर दिनशा दावर हेच १९०८ साली न्यायाधीश म्हणून बसले होते. त्यांनी टिळकांस सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा फर्माविली.

ती शिक्षा मंडालेच्या तुरुंगात भोगीत असता टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. १९१५ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. गीतेचे तात्पर्य काढताना त्यांनी मीमांसकांच्या वर सांगितलेल्या साधनांचाच आश्रय घेतला आहे. पुढच्याच वर्षी त्यांच्या स्वतःच्या शब्दांस या कसोटीची गरज पडावी, हा विलक्षण योगायोग म्हटला पाहिजे.

एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना झाली. १ मे रोजी टिळकांचे बेळगावास, आणि ३१ मे व १ जून या दिवशी अहमदनगरास मराठीत भाषण झाले. त्या वर्षीच्या स्वराज्यविषयक भाषणांत त्यांनी वेदान्ताचा दृष्टांत देऊन अदृश्य सरकार व दृश्य सरकार असा भेद केला; बदल हवा तो राज्यकारभाराच्या व्यवस्थेत, असा त्यांचा रोख होता. तरीही पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन देऊन वर्षभर चांगल्या वर्तनाची हमी देण्याचा हुकूम केला. टिळकांच्या वतीने बॅरिस्टर जिना उभे राहिले. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेले, आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी तो हुकूम रद्द केला. भाषण समग्रतेने वाचावे, सुट्या वाक्यांवर जाऊ नये आणि त्याचा एकंदर परिणाम पाहावा, हे न्यायमूर्तींच्या विवेचनाचे सार होते. १९०८ साली होते तेच कलम, वक्ताही तोच. निकाल मात्र उलट.

येथेच सावध होण्याचे कारण आहे. समग्र वाचनाचा नियम उत्तम खरा. परंतु नागरिकाचे स्वातंत्र्य वाचणाऱ्याच्या मनोवृत्तीवर किती काळ अवलंबून ठेवावयाचे? १९४२ साली फेडरल कोर्टाने सार्वजनिक शांततेचा भंग किंवा तशी वाजवी भीती हे राजद्रोहाचे मर्म मानले. पण १९४७ साली सदाशिव नारायण भालेराव यांच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने तो अर्थ नाकारला. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली केदारनाथ सिंह निकालात कलम वैध ठरविले; मात्र हिंसेस चिथावणी देणाऱ्या किंवा सार्वजनिक अव्यवस्था माजविण्याचा रोख असलेल्या शब्दांपुरतेच ते मर्यादित केले. मे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने कलमाचा वापर स्थगित ठेवण्याचा अंतरिम आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तीत ‘राजद्रोह’ हे नाव नाही. पण देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयीच्या कलम १५२ मध्ये शब्दांचाही समावेश आहे.

नाव बदलले तरी प्रश्न उरतोच. कायद्याने मर्यादा स्पष्ट घालाव्यात, आणि त्या मर्यादेत शब्द तोलणाऱ्याने उपक्रमापासून उपसंहारापर्यंत वाचावे. यांपैकी एकाचाच आधार पुरेसा नाही. शास्त्रग्रंथांस आपण जो न्याय देतो, तो शेजाऱ्याच्या अप्रिय बोलण्यासही देण्याची तयारी असेल, तरच या निकालाचे मोल आपणांस कळले असे म्हणता येईल.