एनबीए ड्राफ्टपूर्वीचे महाविद्यालयीन खेळाडूंचे मूल्यमापन

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये नवोदित खेळाडूंची निवड दरवर्षी ड्राफ्ट या प्रक्रियेद्वारे होते. या निवडीपूर्वी संघ महाविद्यालयीन खेळाडूंचे कौशल्य, शरीरयष्टी, आरोग्य आणि स्वभाव यांची पद्धतशीर तपासणी करतात. तिला ड्राफ्टपूर्व मूल्यमापन म्हणतात. खेळाडू आज कसा खेळतो यापेक्षा पुढील काही वर्षांत तो कसा घडेल, याचा अंदाज बांधणे हा या मूल्यमापनाचा मुख्य हेतू असतो. त्यातील गाजलेल्या बहुतेक चुकाही याच अंदाजाशी निगडित आहेत.

पार्श्वभूमी

या ड्राफ्टची परंपरा १९४७ पासूनची आहे. १९८९ पासून तो दोन फेऱ्यांत होतो. लीगमध्ये ३० संघ असून मागील हंगामात दुबळ्या ठरलेल्या संघांना आधी निवड करण्याची संधी मिळते. संघांनी मुद्दाम हरू नये म्हणून १९८५ पासून सुरुवातीच्या क्रमांकांसाठी सोडत काढली जाते. २०१९ मध्ये बदललेल्या नियमांनुसार तळाच्या तीन संघांना पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता प्रत्येकी १४ टक्के ठेवण्यात आली.

पूर्वी माध्यमिक शिक्षण संपल्यावर चार वर्षे होईपर्यंत खेळाडूला एनबीएमध्ये प्रवेश नसे. स्पेन्सर हेवूडच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये दिलेल्या निर्णयानंतर हे बंधन सैल झाले. केव्हिन गार्नेट (१९९५), कोबी ब्रायंट (१९९६) आणि लेब्रॉन जेम्स (२००३) हे शाळेतून थेट एनबीएमध्ये आले. २००५ च्या करारानुसार मात्र ड्राफ्टच्या वर्षात वयाची १९ वर्षे पूर्ण होणे आणि अमेरिकी खेळाडूंच्या बाबतीत शाळा सोडून किमान एक वर्ष लोटणे आवश्यक ठरले. त्यामुळे अनेक गुणवान खेळाडू महाविद्यालयात एकच हंगाम खेळतात आणि संघांना साधारण ३० ते ३५ सामन्यांवरून निर्णय घ्यावा लागतो.

प्रत्यक्ष निरीक्षण

संघांचे स्काउट सामने व सराव प्रत्यक्ष पाहतात आणि चित्रफितींचा अभ्यास करतात. महाविद्यालयीन आणि व्यावसायिक खेळातील फरक ध्यानात घेणे हे त्यांचे महत्त्वाचे काम असते. पुरुषांचा महाविद्यालयीन सामना ४० मिनिटांचा असतो आणि आक्रमणासाठी ३० सेकंद मिळतात; एनबीएत हीच मर्यादा अनुक्रमे ४८ मिनिटे व २४ सेकंद आहे. तीन गुणांची रेषा महाविद्यालयात २२ फूट पावणेदोन इंचांवर, तर एनबीएत कोपरे वगळता २३ फूट ९ इंचांवर असते. शिवाय एनबीएमध्ये बचाव करणाऱ्या खेळाडूला प्रतिस्पर्ध्याला जवळून न अडवता बास्केटसमोरील क्षेत्रात तीन सेकंदांपेक्षा अधिक काळ थांबता येत नाही. महाविद्यालयात बास्केटखाली ठाण मांडून प्रभावी ठरलेला उंच खेळाडू त्यामुळे पुढे तितकाच प्रभावी ठरेल असे नसते.

आकडेवारी

गुण, रिबाउंड, असिस्ट आणि चेंडू गमावण्याचे प्रमाण हे आकडे सामान्यतः दर ४० मिनिटांमागे मांडून आणि प्रतिस्पर्धी संघांची ताकद लक्षात घेऊन तपासले जातात. वयालाही मोठे महत्त्व असते. सारखीच कामगिरी १९ व्या वर्षी करणारा खेळाडू २२ वर्षांच्या खेळाडूपेक्षा अधिक आशादायक मानला जातो. एका हंगामातील लांबच्या शॉटची संख्या मर्यादित असल्याने केवळ त्यांच्या टक्केवारीवर विसंबता येत नाही. म्हणून नेमबाजीचा अंदाज घेताना फ्री थ्रोची टक्केवारीही पाहिली जाते.

गुणवान खेळाडूंनी भरलेल्या संघात एखाद्याचे आकडे सामान्य दिसू शकतात. केंटकी विद्यापीठाकडून राखीव खेळाडू म्हणून खेळलेला डेव्हिन बुकर २०१५ मध्ये १३ व्या क्रमांकावर निवडला गेला. दोनच वर्षांनी त्याने एनबीएच्या एका सामन्यात ७० गुण नोंदवले.

शारीरिक व वैद्यकीय चाचण्या

ड्राफ्टपूर्वी शिकागो येथे निमंत्रित खेळाडूंचे शिबिर भरते. तेथे पादत्राणांविना उंची, पसरलेल्या दोन्ही हातांची लांबी, हात वर करून गाठलेली उंची, उडी, वेग आणि चपळता मोजली जाते. वैद्यकीय तपासणी व मुलाखतीही होतात. त्याखेरीज संघ खेळाडूंना स्वतंत्रपणे सरावासाठी बोलावतात.

या मोजमापांचा अर्थ लावणे सोपे नसते. २००७ च्या चाचणीत केव्हिन ड्युरंटला १८५ पौंडांचे (सुमारे ८४ किलो) वजन बेंच प्रेसवर एकदाही उचलता आले नाही. पुढे २०१४ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच ड्राफ्टमध्ये पोर्टलँडने त्याच्याआधी, पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या ग्रेग ओडेनवर काही महिन्यांतच गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. दुखापतींमुळे त्याची एनबीए कारकीर्द १०५ सामन्यांतच आटोपली.

गाजलेले निर्णय

१९८४ मध्ये ह्यूस्टनने हकीम ओलाजुवॉनला पहिल्या क्रमांकावर घेतल्यानंतर पोर्टलँडने उंच सॅम बोवीची निवड केली. पायाच्या दुखापतीमुळे बोवीचे महाविद्यालयातील दोन हंगाम वाया गेले होते. पोर्टलँडकडे क्लाइड ड्रेक्सलर हा जॉर्डनच्याच स्थानावरचा खेळाडू आधीपासून असल्याने संघाची गरज त्या वेळी वेगळी मानली गेली. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला मिळालेल्या मायकेल जॉर्डनने पुढे सहा विजेतेपदे मिळवून दिली. उपलब्ध सर्वोत्तम खेळाडू घ्यावा की संघातील उणीव भरून काढावी, या चर्चेत हे उदाहरण आजही दिले जाते.

डेव्हिडसन या लहान महाविद्यालयाचा सडपातळ स्टीफन करी २००९ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेला. त्याआधीच्या हंगामात तो महाविद्यालयीन स्पर्धेत सरासरी गुणांत देशात अव्वल होता. याउलट नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगस शाखेकडून एक वर्ष खेळलेल्या अँथनी बेनेटला २०१३ मध्ये पहिला क्रमांक मिळाला, परंतु तो एनबीएत चारच हंगाम टिकला.

खेळाडूंवरील परिणाम

मूल्यमापनातील थोडासा फरकही खेळाडूच्या उपजीविकेवर परिणाम करतो. १९९५ पासून पहिल्या फेरीतील खेळाडूंचे वेतन क्रमांकानुसार ठरते आणि करारातील सुरुवातीच्या वर्षांची हमी असते. दुसऱ्या फेरीत अशी हमी आपोआप मिळत नाही. ड्राफ्टसाठी नाव दिलेल्या महाविद्यालयीन खेळाडूला ठरावीक मुदतीपर्यंत माघार घेता येते. मुदतीनंतर नाव कायम ठेवल्यास त्याचा महाविद्यालयीन खेळ साधारणतः संपुष्टात येतो. त्यामुळे आपली निवड नेमकी कितव्या क्रमांकावर होईल, याचा अंदाज त्यालाही घ्यावा लागतो. २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावाचा व प्रतिमेचा व्यावसायिक वापर करून उत्पन्न मिळवण्याची मुभा मिळाली. त्यामुळे निवडीची खात्री नसलेल्यांना महाविद्यालयात थांबणे आर्थिकदृष्ट्या सोपे झाले.

महाविद्यालयीन कामगिरीविना निवड

प्रत्येक निवडीला महाविद्यालयीन सामन्यांचा आधार नसतो. सर्बियातील निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि नंतर तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पंजाबमधील सतनाम सिंग हा एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू होय. फ्लोरिडातील आयएमजी अकादमीत प्रशिक्षण घेतलेल्या सतनामला डॅलस मॅव्हरिक्सने २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडले. मात्र एनबीएच्या नियमित हंगामात त्याला खेळता आले नाही.