बाहेरची खोली, आतली खोली: चाळींच्या भिंतींवरील रंगांचा इतिहास

गिरगाव, लालबाग आणि परळ येथील चाळींत ज्यांना एकाहून अधिक खोली परवडे, त्यांचे घर बहुधा दोन खोल्यांचे असे. गॅलरीला लागून बाहेरची खोली आणि तिच्यामागे चूल व मोरी असलेली आतली खोली. गॅलरीतले दार आणि मधले दार अनेकदा एका रेषेत येत असल्यामुळे दारावरून जाणाऱ्यालाही दोन्ही खोल्यांच्या भिंती एकाच नजरेत दिसत, आणि म्हणून या भिंतींचे रंग एकमेकांशी जुळणे हा त्या घरांच्या रचनेतूनच उभा राहिलेला प्रश्न होता. तो प्रश्न दीर्घकाळ कोणाला जाणवला नाही, याचे कारण चुन्यात आहे.

कळीचा चुना पाण्यात विरवून, गाळून, त्यात डिंक किंवा सरस मिसळून कुंच्याने भिंतीला दिला जाई. यालाच सफेदी म्हणत. पांढरेपणा खुलावा म्हणून त्यात किंचित नीळ घालत, आणि रंग हवा असल्यास पिवडी, म्हणजे पिवळी माती, गेरू किंवा मोरचूद. ओला चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने पुष्कळसे रंग त्यात टिकत नाहीत आणि जे टिकतात तेही चुन्याच्या पांढऱ्यात मिसळून फिकट होतात. त्यामुळे फिकट पिवळा, फिकट निळा, हिरवट आणि गुलाबीसर एवढाच रंगांचा पसारा उरे. यांतला कोणताही रंग शेजारच्या कोणत्याही रंगापुढे विजोड दिसत नसे. या भिंतींना रंगहीन किंवा दरिद्री म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांची एकसंधता त्या द्रव्यानेच घडवलेली होती. शिवाय चुना भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो, आणि मुंबईच्या पावसात हा गुण मोलाचा होता.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि चुन्याला नवाच अर्थ चिकटला. सरकारी पथके घरे धुऊन, औषध फवारून, भिंतींना चुना फासू लागली, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी आद्याक्षरे रंगवली जाऊ लागली. घराची भिंत आता आरोग्याचा दाखला ठरली. 1898 मध्ये स्थापन झालेल्या सुधारणा ट्रस्टने आणि 1920 नंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळातील विकास खात्याने, म्हणजे ज्याच्या नावाने ‘बीडीडी’ चाळी ओळखल्या जातात त्याने, उभारलेली घरे याच आरोग्यविचारातून आली. बीडीडी चाळींत मात्र कुटुंबाला सुमारे 160 चौरस फुटांची एकच खोली मिळे. तिथे आतबाहेरचा भेद फळ्यांचे पार्टिशन किंवा पडदा टाकून करावा लागे.

खरा बदल तेलरंगाने घडवला. दुसऱ्या महायुद्धात परदेशी रंगांची आयात रोखली गेली असता फेब्रुवारी 1942 मध्ये गिरगावातील गायवाडीत चार मित्रांनी एका गॅरेजमध्ये रंगाचा धंदा सुरू केला. तीच पुढे एशियन पेंट्स कंपनी झाली. तेलरंग पुसता येई, म्हणून स्टोव्हची काजळी आणि फोडणीचे डाग झेलणाऱ्या आतल्या खोलीला त्याची गरज अधिक होती. पण तो महाग असल्याने संपूर्ण भिंतीला न देता जमिनीपासून साधारण छातीपर्यंतच्या पट्ट्याला देत आणि वर चुना किंवा डिस्टेंपर, म्हणजे पाण्यात कालवायचा भुकटीचा रंग, लावत. दोहोंच्या सीमेवर रंगारी गडद रेघ ओढत असे. हीच रेघ मधल्या दाराच्या चौकटीपाशी थांबून पलीकडच्या भिंतीवर त्याच उंचीने पुढे चाले. वरचे रंग वेगळे असले तरी दोन खोल्या एका घराच्या वाटत त्या या रेघेमुळे, आणि तिची उंची सांभाळण्यात रंगाऱ्याचे कसब पणाला लागे.

1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, तशी मालकांची दुरुस्तीतील रुची आटली. आतल्या भिंतींचा रंग हा प्रामुख्याने भाडेकरूच्या खर्चाचा आणि म्हणून त्याच्या निवडीचा विषय झाला. रंगकामाचा मुहूर्त गणपतीच्या किंवा दिवाळीच्या आधी लागे. गणपती पावसात येत असल्याने तेलरंगाखाली ओल अडकून पोपडे सुटत, आणि म्हणून जाणते लोक नवरात्र उलटण्याची वाट पाहत.

दादरच्या हिंदू कॉलनीत आणि शिवाजी पार्कच्या आसपास, विशेषतः 1930 नंतर, ‘ब्लॉक’ म्हणून ओळखली जाणारी स्वतंत्र घरे उभी राहिली, तिथे दिवाणखाना, शयनगृह आणि स्वयंपाकघर यांचे उपयोग वेगळे झाले आणि प्रत्येकाला स्वतंत्र रंग देण्याची कल्पना रुजण्यास जागा मिळाली. पुढे रंगांच्या छापील पत्रिका, म्हणजे शेडकार्डे, हाती आली, आणि नंतर दुकानातच यंत्राने हवी ती छटा मिसळून मिळू लागली. चुन्याने जे जुळणे आपोआप घडवले होते, ते आता दिवाणखान्याच्या दारात उभे राहून, आतल्या भिंतीवर लावलेल्या नमुन्याच्या चौकोनाकडे पाहत ठरवावे लागते.