आजोबांचा नांगर

परवा गावी, तळेगाव ढमढेरेला गेलो होतो. जुना गोठा पाडायचं चाललंय, त्यात आजोबांचा लोखंडी नांगर भंगारात निघाला होता. (चुलतभाऊ वजन करायच्याच तयारीत!) गंज खरवडला तर खाली नाव निघालं... किर्लोस्कर. आजोबांना अक्षरओळख जेमतेम, पण नांगर घेताना हे नाव बोटाने चाचपून बघायचे म्हणे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असं शेतकरी म्हणत. पहिला नांगर खपायलाच दोन वर्षं लागली. पुढे नगरपालिकेमुळे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचं माळरान दिलं आणि १९१० साली निवडुंग तोडून तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

पण मला खरी भावते ती पुढची गोष्ट. या वाडीत शिवाशिव चालत नसे. आणि रात्रीच्या पहाऱ्यावर लक्ष्मणरावांनी नेमली ती चक्क तुरुंगात शिक्षा भोगून आलेली माणसं!

मागच्या वर्षी माझ्या छोट्याशा वर्कशॉपमध्ये एक मुलगा काम मागायला आला होता. हात चांगला होता. मधली दोन वर्षं कुठे होतास विचारलं, तर त्याने खरं ते सांगून टाकलं. "कळवतो" म्हणालो. कळवलं नाही.

असो. नांगर घेऊन आलोय, वर्कशॉपच्या दाराशी ठेवलाय. त्या मुलाचा नंबर कुठल्याशा डायरीत होता, तो शोधतोय.