शिवणक्लास

शिवणक्लास : नवशिक्यांना, मुख्यतः मुली व गृहिणींना, यंत्रावर शिवणे आणि कापड बेतणे शिकवणारा छोटा खासगी वर्ग. तो बहुधा शिकवणाऱ्या बाईंच्या घरातच, दुपारच्या वेळी भरतो. नाशिक जिल्ह्यात थळ घाटाच्या माथ्यावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेल्या इगतपुरीसारख्या गावात या वर्गाचे वेळापत्रक भातशेती ठरवते. आषाढात आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की आसपासच्या पाड्यांवरच्या मुली वर्गात कमी आणि खाचरात जास्त दिसतात.

पूर्वी हे शिक्षण शिंप्याच्या दुकानात बापाकडून मुलाला मिळे. नवख्या पोराने आधी काज-बटण करायचे, मग हातशिलाई; कातर हाती यायला वर्षे जात. शिंपी कुळातल्या संत नामदेवांनी (१२७०–१३५०) गज आणि कातर थेट पदात आणली, इतकी ही हत्यारे घरची होती. बायकांच्या शिवणाला मात्र धंद्याचा दर्जा नव्हता. तो मिळायला सुरुवात झाली ती निराधार स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभे करू पाहणाऱ्या संस्थांमुळे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणि १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या, रमाबाई रानडे यांनी उभ्या केलेल्या सेवासदनात शिवण शिकवले जाई. सिंगरची यंत्रे त्याआधीच आली होती. १९३० च्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ यंत्र तयार होऊ लागले आणि पुढे पायाने चालवायचे काळे यंत्र मध्यमवर्गीय घरात, पुष्कळदा लग्नातल्या भेटीच्या रूपाने, स्थिरावले. दुकानात वर्षानुवर्षे मुरणारी विद्या काही महिन्यांत बसवण्याचे काम शिवणक्लासने अंगावर घेतले. ते पूर्णपणे साधले असे म्हणता येत नाही.

खरे तर इगतपुरी भागातल्या मुलीचा पहिला टाका यंत्रावर पडत नाही, गोधडीवर पडतो. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरायची, कडेने धावदोरा घालायचा आणि फेर धरत आत सरकायचे. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या गारठ्यात गोधडी ही चैन नाही. ती उन्हाळ्यातच शिवून उरकावी लागते, कारण पावसाळ्यात भिजलेली गोधडी वाळत नाही. टाके सारख्या अंतरावर घालणे, सगळे पदर ताणून धरणे, अंगुस्तान वापरणे हे सारे इथेच हाताला कळते. क्लासच्या अभ्यासक्रमात गोधडी सहसा नसते, ही त्याची मोठी उणीव मानावी लागेल.

यंत्राचा पहिला धडा दोऱ्याविनाच होतो. पायडल एका लयीत मारायचे आणि चाक उलटे फिरू द्यायचे नाही, एवढेच काम. मग दोरा न ओवलेल्या सुईखाली वहीचा कागद धरून छापील रेघांवरून टोचत जायचे, नंतर चौकोन आणि गोल. कोपऱ्यावर सुई कागदात रुतलेली ठेवून यंत्राचा दाबपाय उचलायचा आणि कागद वळवायचा, ही युक्ती इथे जमली की पुढे गळपट्टीच्या कोपऱ्यावर रडू येत नाही. दोरा ओवल्यावर खऱ्या तक्रारी सुरू होतात. शिवणीच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की नवशिकी बॉबिनला दोष देते. दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो : तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकला पाहिजे. वरचा सैल पडला की खालचा त्याला ओढून नेतो. टाके सुटत असतील तर सुई वाकलेली, बोथट किंवा उलटी बसलेली असते. इगतपुरीत यात आणखी एक भर पडते. दमट हवेत सुया आणि यंत्राचे भाग लवकर गंजतात, म्हणून पावसाळ्यात यंत्रावर कापड टाकून ठेवणे आणि तेल देत राहणे हा वर्गाच्या शिस्तीचाच भाग असतो. वीज गेली तरी पायाचे यंत्र चालते; त्यामुळे मोटार बसवलेल्या घरांतही पायडल काढून टाकत नाहीत.

शिवायच्या वस्तूंचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच : रुमाल, पिशवी, झबले, टोपडे, परकर, फ्रॉक, सलवार-कमीज आणि शेवटी ब्लाउज. सरावाला मांजरपाट बरा. सुती कापड आधी पाण्यातून काढून वाळवावे, नाहीतर शिवलेला परकर पहिल्याच धुण्यात आखडतो. श्रावणात या वाळवण्याला दोन-दोन दिवस लागतात.

अवघड भाग शिवण्याचा नसून बेतण्याचा आहे. छातीचा घेर हे मूळ माप धरून त्याच्या चौथ्या, सहाव्या, आठव्या, बाराव्या भागावरून मुंढा, खांदा, गळा काढायचे, अशा हिशेबी पद्धती पुस्तकांनी घरोघर नेल्या. मराठी मुलखात झारापकरांची ‘सिस्टीम ऑफ कटिंग’ त्यासाठी ओळखली जाते. ३२ इंच छातीच्या फ्रॉकसाठी कापडाची चौपदरी घडी घातली की एका पदरावर ८ इंच येतात. त्यात सैलपणासाठी थोडे आणि शिवणीसाठी थोडे वाढवायचे. या दुसऱ्या वाढीला मराठीत ‘माया’ म्हणतात. नवशिकी मुलगी सूत्र पाठ करते, पण माया सोडायला विसरते. मग शिवलेला कपडा नेमका तेवढाच घट्ट होतो. पुस्तकी हिशेब पोक काढून चालणाऱ्या किंवा एक खांदा उतरलेल्या अंगाला लागू पडत नाही, हेही बाई चुकलेला ब्लाउज उसवायला लावूनच शिकवतात. धारदार उसवणीने एकेक टाका कापत जायचे, कापड ओढायचे नाही. चांगल्या क्लासची पारख उसवायला किती लावतात यावरून करावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सरकारी आधाराबद्दल गैरसमज फार. सर्व महिलांना फुकट शिलाई यंत्र देणारी केंद्राची योजना असल्याचे निरोप मोबाइलवर फिरत राहतात. पत्र सूचना कार्यालयाने ते खोटे ठरवले आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत मात्र शिंपीकाम आहे. तिच्यात प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतही शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे.

क्लास संपल्यावर पहिली मिळकत ब्लाउजची क्वचितच असते. ती साडीला फॉल लावणे, पिको आणि दुरुस्तीची असते : चेन बदलणे, कंबर सैल करणे, आणि जूनमध्ये शाळा उघडताना गेल्या वर्षीच्या गणवेशाची खालची पट्टी उसवून दोन इंच खाली सोडणे, अर्थात शिवणाऱ्याने आत तेवढी माया ठेवलेली असेल तर.