दिनविशेष : २५ फेब्रुवारी
गिरमिट रोखणारा ठराव

पुण्याच्या भारत सेवक समाजाचे संस्थापक गोपाळ कृष्ण गोखले यांनी २५ फेब्रुवारी १९१० रोजी कलकत्त्यात केंद्रीय विधिमंडळात ठराव मांडला : दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीसाठी गिरमिटिया (करारबद्ध) मजूर भरती करणे बंद करण्याचा अधिकार सरकारला मिळावा. सरकारने तो स्वीकारला, त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि १ जुलै १९११ पासून भरती थांबली. दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्या सत्ताधाऱ्यांना कलकत्त्यातून आज्ञा देता येत नव्हती. पण नाताळचे ऊसमळे आणि कोळसाखाणी भारतीय मजुरांवर चालत, आणि त्यांच्या पुरवठ्याची दोरी मात्र भारताच्या हाती होती. विनंतीअर्जांना दाद न देणाऱ्यांना मनुष्यबळाचा तुटवडा कळतो, हे अर्थशास्त्राच्या या जाणकाराने नेमके हेरले.

यात गरीब मजुराचीच रोजी बुडाली, असा आक्षेप घेता येतो. पण करार संपताच माणशी तीन पौंडांचा वार्षिक कर भरा, नाहीतर पुन्हा गिरमिट पत्करा किंवा मायदेशी परता, असे सांगणाऱ्या व्यवस्थेला रोजगार कसे म्हणायचे? ठरावाने जुलूम लगेच संपला नाही, हे मात्र खरे. तो कर रद्द व्हायला गांधीजींचा सत्याग्रह व्हावा लागला आणि १९१४ साल उजाडावे लागले. गिरमिट सर्वत्र बंद करण्याचा गोखल्यांचा ठराव तर ४ मार्च १९१२ रोजी २२ विरुद्ध ३३ मतांनी फेटाळला गेला.